जरा बोट ठेव

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात
नवा माग जोडायला आलेला तान शाओवेन
रोज संध्याकाळी सहाला माझ्यासमोर बसायचा,
पॅकिंगच्या खोक्यावर, वही मांडीवर घेऊन.
बोधूलशेठ म्हणाले होते, बाई, एवढं करा.
ह्याला एकच शब्द येतो, टाइट.
आमच्या अंबादास जॉबरलाही तेवढाच येतो.
दोघं मिळून सकाळपासून धागे तोडालेत.

मी म्हटलं, तान, टाइटला आज सुट्टी.
स्क्रू असेल तर टाइटन.
कापड चौकटीवर असेल तर स्ट्रेच.
पट्टा पोटावर, सिंच.
आणि टिचकी मारली की दोरी वाजली पाहिजे,
तेव्हा म्हण, पुल इट टॉट.
त्यानं टॉट लिहिलं. मग परवाचं पान उलटून
दुसऱ्या टॉटवर पेन्सिल टेकवली:
शिकवणे, भूतकाळ.
स्पेलिंग निराळं, मी म्हणाले, कानाला मात्र एकच.
ताणलेलं आणि शिकवलेलं.
एकतीस वर्षं महापालिकेच्या शाळेत इंग्रजी शिकवली,
आणि हे कळायला एक खोका लागला.

त्याच्याकडे सोपं होतं.
आधी हातानं काय केलं ते, मग त्याला जोडून चिन.
ओढून, ला-चिन. पिळून, निंग-चिन. बांधून, पांग-चिन.
चिन म्हणजे घट्ट झालं, आता हात काढ.
आणि चुआ-चिन?
त्यानं मूठ आवळली, मनगटावरचं घड्याळ दाखवलं.
वेळ मुठीत घट्ट धर. म्हणजे, चल, आटप.
त्याची आई शाळेच्या वेळी हेच ओरडायची,
दारात उभी राहून, हातात त्याचा एक बूट.

आम्ही कंबर कसतो, नाडी आवळतो,
पदर खोचतो, बाजेची नवार ताणतो,
चोराला करकचून बांधतो.
वेळेला मात्र आम्ही हात लावला नाही कधी.
आणि घरात तर हेही नाही, घरात तेलुगू.
साखर पेठेत बाबा खड्ड्यात पाय सोडून
मागावर बसायचे, मला म्हणायचे, लागू.
ओढ.
ला, तान म्हणाला.
लागू, मी म्हणाले.
जत्रेत हरवलेली भावंडं भेटल्यासारखे
आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.
मग मीच मला दटावलं, बाई,
योगायोगाला नातं म्हणू नये.

तेवढ्यात अंबादास आला.
झाली काय की शिकवणी? धागे अजून तुटालेत.
तिघं मागाजवळ गेलो. अंबादासनं चाक फिरवलं,
अजून फिरवणार,
तानानं त्याचा हात धरला. नो टाइट. टॉट.
उभ्या ताण्यावर नखाची पाठ फिरवली,
पावसाळ्यात खिडकीचे गज वाजवावेत तशी.
अंबादासनं डोळे मिटून तिथंच तळहात ठेवला.
हां, म्हणाला, कळालं बे.
माग चालला. मी काय शिकवलं, मला कळलं नाही.

निघताना त्यानं आईसाठी दोन चादरी घेतल्या, मोराच्या,
खोक्याला सुतळी गुंडाळली.
मी विचारलं, आता कुठलं क्रियापद?
टाय. मग पुल. मग थांबला.
दोन्ही हातांत दोन टोकं, पहिली गाठ सुटत चाललेली.
मी बोट ठेवलं.
त्यानं दुसरी गाठ आवळली, माझं नख चिमटलं,
मी बोट काढलं, जरा उशिराच.

त्यानं वही उघडली.
गाठीवर ठेवलेलं बोट नेमक्या क्षणी काढून घेणं,
ह्याला काय म्हणतात?
इंग्रजीत मला सापडेना.
मराठीत आपलं, जरा बोट ठेव, एवढंच,
काढ कुणी म्हणतच नाही.
तेलुगूत बाबा नुसती मान हलवायचे.
त्याच्यातही नसावं.
रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, आणि तो पानावर
सावकाश माझं बोट काढत होता,
चिमटलेल्या नखासकट. खाली तारीख.